छत्री माळ्यावर टाकू का?



परवा संध्याकाळी शेजारची सातवीतली मुलगी छत्री घेऊन धावतच आली.

"आजोबा, पाऊस गेला ना जी आता? आई म्हणते, छत्री माळ्यावर टाकून दे."

मी म्हटलं, "थांब, आधी विचारून घेऊ."

"कोणाला?"

"आभाळाला. आणि मग तलावाला."

ती खो खो हसली. तुम्हीही हसत असाल. हसा! पण आमच्या धरमपेठेत या दोघांना विचारल्याशिवाय छत्री ठेवायची नसते, बरं का. का ते सांगतो.

धरमपेठ म्हणजे नागपूरचा पश्चिमेकडचा भाग. नागपूरला समुद्र नाही, बंदर नाही. पण आमच्या पश्चिमेला अंबाझरी तलाव आहे आणि जरा वर, सेमिनरी हिल्सच्या पायथ्याला, फुटाळा. संध्याकाळी फुटाळ्यावर कणीस खात उभं राहिलं की वाटतं, आपणही एका बंदराच्याच गावात राहतो!

तर आधी आभाळाला विचारू. भाद्रपद सरत आला की ते किती बदलतं ते पाहा. जुलैत दिवसचे दिवस करड्या गोधडीसारखं पांघरलेलं असतं. आता ती गोधडी फाटते आणि मधून धुतलेलं निळं आकाश दिसतं. सकाळी अंगणात पारिजातकाचा सडा पडतो. भाद्रपद पौर्णिमेला विदर्भातल्या घरोघरी भुलाबाई बसतात आणि खाऊ ओळखायची धमाल सुरू होते. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी होतात. तिथून पुढे रात्र मोठी होत जाते.

पहाटे पाचला उठायची तयारी असेल तर आणखी एक खूण सांगतो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. लखलखणारा व्याध वर दिसेल आणि त्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून थोडाच वर, दुसरा ठळक तारा. तो अगस्ती. रात्रीच्या आकाशात तेजाच्या बाबतीत व्याधानंतर त्याचाच नंबर लागतो. अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं, असं आपले पूर्वज मानत. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'तही हे सांगितलं आहे. ताऱ्यामुळे पाणी निवळत नाही हो! पण पाऊस ओसरायची आणि अगस्ती दिसायची वेळ एकच, म्हणून ही खूण.

मग पाऊस गेला म्हणायचं का? थांबा. हवामान खात्याच्या हिशेबाने मान्सून परत फिरायला सुरुवात करतो ती पश्चिम राजस्थानातून, साधारण १७ सप्टेंबरला. नागपुरातून निघायला त्याला ऑक्टोबर उजाडतो. आणि पाच दिवस पाऊस पडला नाही, हवेतला ओलावा घटला, वारे बदलले, असं सगळं जुळून आलं तरच "मान्सून परतला" असं जाहीर करतात. दोन दिवस ऊन पडलं म्हणून नाही!

उलट हे ऊनच कधी कधी घात करतं. जमीन ओली, हवा दमट. त्यात डोक्यावरचा सूर्य तापतो. गरम, ओली हवा झपाट्याने वर चढते आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखा उंचच उंच ढग तयार होतो. तो गडगडतो, विजा पाडतो आणि एकाच ठिकाणी रिकामा होतो. म्हणून सप्टेंबरात धरमपेठेत धो धो पाऊस आणि इतवारीत रस्ते कोरडे, असंही होतं. शेतकऱ्याला तर या दिवसांत फारच धाकधूक असते. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, कापसाची बोंडं धरलेली असतात.

म्हणजे आभाळाचं उत्तर काय? "जातो आहे, पण अजून गेलो नाही."

आता तलावाला विचारू. पाण्याचा एक स्वभाव आहे. ते तापायलाही वेळ लावतं आणि निवायलाही. ऑक्टोबर सरताना रात्रीची हवा गार होते, पण तलावाचं पाणी दिवसाची ऊब धरून असतं. म्हणून एखाद्या पहाटे अंबाझरीवर चहाच्या कपासारखी वाफ तरंगताना दिसते. तलाव मोठा असेल तर हा स्वभाव हवामानच बदलून टाकतो. अमेरिकेतलं मिशिगन सरोवर सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे. त्याच्या पूर्व काठच्या बंदरांच्या गावांना थंडी उशिरा गाठते, म्हणून तिथे फळबागा चांगल्या होतात. आपला अंबाझरी त्यापुढे पाण्याचा एक थेंब. त्याच्याने नागपूरचं हवामान काही बदलत नाही. पण उबेसारखाच पाऊसही तो साठवून ठेवतो. जूनपासून पडलेलं पाणी सप्टेंबरात त्याच्या पोटात काठोकाठ असतं. आभाळ पाऊस विसरलं तरी तलाव विसरत नाही.

हे आम्हाला कळलं २३ सप्टेंबर २०२३ ला. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. लोक दमून झोपले होते. मध्यरात्रीनंतर विजा कडाडू लागल्या आणि काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला.

शंभर मिलिमीटर म्हणजे किती? वीतभरसुद्धा नाही! पण हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस फूट बाय तीस फुटांची गच्ची असेल तर तिच्यावर साडेपाच हजार लिटर पाणी पडलं. घरावरच्या हजार लिटरच्या साडेपाच टाक्या! आणि एक चौरस किलोमीटरवर? दहा कोटी लिटर.

हाच पाऊस जूनमध्ये पडला असता तर तहानलेल्या जमिनीने थोडा पिऊन घेतला असता, तलावातही जागा होती. सप्टेंबरात जमीन तृप्त, तलाव भरलेला. मग पाणी सांडव्यावरून, म्हणजे आपल्या 'ओव्हरफ्लो'वरून, नाग नदीत उतरलं. ही तीच नदी, जिच्यावरून नागपूरचं नाव पडलं. तिला आपण 'नाला' म्हणतो, तिच्यात कचरा टाकतो, तिच्या काठाला भिंती खेटवतो. तिला जायला वाट पुरली नाही, म्हणून ती घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठ, सीताबर्डी... लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय ठेवूनच. वह्या-पुस्तकं, गाद्या, फ्रिज सगळं तरंगत होतं. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेतून मुलांना सुखरूप बाहेर काढावं लागलं. सेनेचे जवानही मदतीला आले. तरी काही जणांचे प्राण गेले. घरात वर जायला जिना नसलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे हाल सर्वांत जास्त झाले.

सकाळी पाऊस थांबला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आणि घराघरांपुढे चिखल भरलेली दप्तरं वाळत होती.

हे घाबरवायला सांगत नाही हो. जागं राहायला सांगतोय. तुम्हाला करता येतील अशा चार गोष्टी आहेत.

एक. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा काचेचा पेला उघड्या गच्चीवर ठेवा. रोज सकाळी आठला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा, पेला रिकामा करा. झालं तुमचं पर्जन्यमापक! पुढच्या वर्षी ती वही फार कामाला येईल.

दोन. हवामान खात्याचा इशारा आई-बाबांना वाचून दाखवा. त्याचे चार रंग : हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. नारिंगी म्हटलं की नागपूरकराला संत्रीच आठवतात, पण हा रंग गोड नाही!

तीन. पूर आला तर तो 'बघायला' कधीही जाऊ नका. गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडतं. पाणी घरात शिरतंय असं दिसलं तर मोठ्यांना विजेचं मेन स्विच बंद करायला सांगा, मात्र स्वतः हात लावू नका. आणि आजच विचारून ठेवा, खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना रात्री वर कोण नेणार?

चार. नदीत काही टाकू नका. निर्माल्याची पिशवीसुद्धा नाही.

मी हे सगळं सांगितलं तोवर अंधार पडला होता. दूर पश्चिमेला, अंबाझरीच्या बाजूला, एक वीज आवाज न करता चमकून गेली. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, मग छत्री?"

"दारामागच्या खुंटीला. कोजागरीचं दूध पिऊन झालं की पुन्हा दोघांना विचारू."

"आणि आईला काय सांगू?"

"सांग, तलाव अजून नाही म्हणतो!"

तुमच्या गावात तलाव, नदी, धरण काय आहे? आज ते किती भरलंय? जवळ न जाता, काठावरून मोठ्यांबरोबर पाहून या आणि पत्राने कळवा. पेल्यातला पाऊसही लिहायला विसरू नका.

तुमचे,
आजोबा