भोपाळचा कचरा जळाला, पाण्याचे काय?



भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला आणि पुढे काही महिन्यांत तो जाळूनही झाला. तेव्हापासून ‘भोपाळ एकदाचे स्वच्छ झाले’ असे सर्रास ऐकू येते. भूजलाच्या कामात हयात गेलेल्या मला हे पटत नाही. जाळला तो गोदामात साठवलेला कचरा. १९८४ पर्यंत आवारात पुरलेला आणि बाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत सोडलेला माल जमिनीतच राहिला. आमच्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या ‘एनजीआरआय’ या भूभौतिकी संशोधन संस्थेसोबत २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला होता, तो अकरा लाख टनांचा.

‘बोअर मारा, पाणी उपसा, शुद्ध करा’ असे म्हणणारेही भेटतात. नुसता उपसा पुरत नाही. गोधडी धुताना चौथ्या पाण्याला फेस येत नाही. पण तीच तासभर बादलीत भिजू दिली की पाणी पुन्हा गढूळ. जमिनीचेही तसेच. तिथल्या भूजलात सापडलेले कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याच्या दीडपट जड. ते खाली उतरते, चिकणमातीत मुरते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे सुटत राहते. पंप बंद केला की विहिरीतले प्रमाण पुन्हा चढते.

म्हणून कामाचा क्रम चुकता कामा नये. आधी प्रदूषणाचे मूळ हटवा: पुरलेले खड्डे आणि तळ्यांखालची माती काढा, निदान पाऊस आत मुरणार नाही अशी बंदिस्त करा. मग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी मोजून विष कोणत्या दिशेने सरकते आहे ते नकाशावर आणा. त्याच्या वाटेवर मोजक्याच विहिरी घ्या. भारंभार पंप लावले तर आजूबाजूचे चांगले पाणी ओढले जाते, आणि तेही शुद्ध करण्यात वीज व पैसा जातो. पुढे उपसा थांबवून, मातीतले विष सुटू देऊन, पुन्हा उपसा. दर तीन महिन्यांचे आकडे कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतल्या फलकांवर लावा.

या वस्त्यांना नळाचे पाणी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले. तो दिलासा झाला, उपाय नव्हे. तिथे मी लाल रंग फासलेला हातपंप पाहिला होता. पाणी पिऊ नका, ही त्याची खूण. त्याच पंपाचे पाणी तपासणीत सलग काही वर्षे निर्दोष ठरेल आणि तो रंग खरवडला जाईल, तेव्हाच भोपाळ स्वच्छ झाले असे म्हणावे.

– एक निवृत्त भूजल अभ्यासक, नागपूर