वॉरंट आपोआप मरत नाहीं

“शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये” ही म्हण ज्या कोणीं केली, त्याच्या घरीं बहुधा वॉरंट आलेलें नसावें. दिवाणी दाव्याच्या हौसेपायीं घरादाराची राख करणाऱ्या दोघां भावांना ती सांगितली तर शोभते. परंतु ज्या गरिबाच्या नांवानें कोर्टाचा हुकूम निघाला आहे, त्याला हें शहाणपण शिकविणें म्हणजे त्याचा गळा कापणें होय. तो पायरी चढला नाहीं तर ती पायरीच त्याच्या दारीं येते, आणि तीहि शिपायाच्या पायांनीं.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आमच्या बांधवांचें काय होतें तें पाहा. दसरा-दिवाळी झाली कीं मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. देगलूर-बिलोलीकडील गवंडी व मजूर हैदराबाद-निजामाबादची वाट धरतात. घराला कुलूप, नाहींतर घरांत म्हातारा-म्हातारी. नेमकें त्याच दिवसांत समन्स येतें. म्हाताऱ्याला वाचतां येत नाहीं, तो तो कागद कोनाड्यांत ठेवतो, किंवा भिऊन “आम्ही घेत नाहीं” म्हणून परत करतो. घेतलें नाहीं म्हणजे टळलें, ही समजूत अगदीं खोटी आहे. नाकारलेलें समन्स बजावलें गेलें असें धरण्याची मुभा कोर्टाला आहे. पोर चैत्रांत परत येतो, तोंवर दोन-तीन तारखा गैरहजेरींत निघून गेलेल्या असतात.

हीं प्रकरणें तरी कसलीं? खुना-दरोड्याचीं नव्हेत. बांधावरची मारामारी, रस्त्यावरचा अपघात, विजेचा आकडा, आणि अलीकडे चेकचे खटले. खताच्या, ट्रॅक्टरच्या अगर पतपेढीच्या उधारीपोटीं सही करून दिलेला कोरा चेक पुढें न वटतां परत जातो व १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखालीं फिर्याद होते. हें कलम १९८९ पासून अमलांत आलें. यांत मौज अशी, कीं चेक न वटणें हा गुन्हा मुळांत जामीनपात्र आहे. मग वॉरंट बिनजामिनाचें कां निघतें? चेकमुळें नव्हे, गैरहजेरीमुळें! म्हणजे कर्जानें नव्हे तर भीतीनें माणूस कोठडीच्या दारापर्यंत जातो.

कोर्टांनींहि यांत जरा दमानें घ्यावयास पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं इंदर मोहन गोस्वामी यांच्या खटल्यांत सांगितलें आहे, कीं फिर्यादीवरून चाललेल्या कामांत आधीं समन्स काढावें, मग जामीनपात्र वॉरंट, आणि आरोपी जाणूनबुजून टाळतो आहे अशी खात्री झाली तरच अजामीनपात्र. घराला कुलूप आहे एवढ्यावरून माणूस फरारी ठरतो काय? कोयता घेऊन उसाच्या फडांत उभा असलेला माणूस कोणापासूनहि पळालेला नसतो. तो पोटामागें गेलेला असतो. परंतु हें कोर्टाला सांगणार कोण? पत्र्यावर “घर बंद” एवढाच शेरा, आणि पुढची तारीख!

आतां मुख्य गोष्ट. गांवोगांव एक समजूत आहे, कीं दोन-तीन वर्षें दडी मारली कीं वॉरंट मरतें. वॉरंट मरत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ७२ वें कलम स्पष्ट सांगतें, कीं ज्या कोर्टानें वॉरंट काढलें त्यानें तें रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत तें जिवंत राहतें. जुन्या संहितेच्या ७० व्या कलमांतहि हेंच होतें. ठाणेदार तें रद्द करूं शकत नाहीं, सरपंच नाहीं, आमदारहि नाहीं. उलट फार काळ लपलें तर फरारीचा जाहीरनामा निघतो व मागाहून जमीन-जुमल्याच्या जप्तीची पाळी येते.

म्हणून आधीं शोध घ्या. सरकारच्या ई-कोर्ट्स या स्थळावर व त्याच नांवाच्या मोबाइलवरील ॲपवर कोणालाहि फुकट पाहतां येतें. खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असेल तर फारच सोपें. नसेल तर जिल्हा, कोर्ट, साल व नांव घालून पाहावें, किंवा पोलिस ठाण्याचा गुन्हा क्रमांक घालून. वॉरंटांची वेगळी यादी तेथें सांपडेल असें समजूं नका. खटला उघडून तारखांच्या इतिहासांत तारीख कशासाठीं नेमली आहे तें पाहावें लागतें, वॉरंट निघालें असल्यास त्याची खूण बहुधा तेथें लागते. यांत एक खोड आहे. नांवें बहुतेक इंग्रजी अक्षरांत चढविलेलीं असतात. आमच्या ज्ञानोबाला एक कारकून डी-एन-वाय नें लिहितो, दुसरा जी-वाय नें! एका रीतीनें नांव सांपडलें नाहीं म्हणून हरखून जाऊं नये, सगळ्या रीतींनीं पाहावें. शाळेंत जाणारी लेक घरांत असेल तर हें काम तिला सांगा. तीहि सोय नसेल तर कोर्टाच्या आवारांतील ई-सेवा केंद्रांत जाऊन विचारावें. चेकचा खटला असेल तर आणखी एक ध्यानांत ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीपासून असा खटला बहुधा सावकार-कंपनीचें बँक खातें जेथें आहे तेथें चालतो. म्हणजे कर्ज उदगिरांत आणि वॉरंट पुण्याचें, असेंहि घडतें.

सांपडल्यावर काय करावें? ज्या कोर्टाचें वॉरंट त्याच कोर्टांत स्वतःच्या पायांनीं, वकील घेऊन जावें व वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. गैरहजर कां होतों तें खरें लिहावें. मुकादमाचा दाखला, कारखान्याची पावती, दवाखान्याचा कागद, जें असेल तें जोडावें. पकडून आणलेला आणि आपण होऊन आलेला या दोघांत न्यायाधीश फरक करतो. कोर्ट कांहीं दंड-खर्च भरावयास सांगेल, जातमुचलका किंवा जामीनदार मागेल. जामीनदाराची तजवीज करून मगच घर सोडावें, नाहींतर संध्याकाळीं धांवाधांव होते. वॉरंट जामीनपात्र असेल तर त्यावर लिहिलेल्या रकमेचा जामीन दिल्यावर पोलिसांनीं सोडलेंच पाहिजे. कोणतेंहि वॉरंट असो, त्यांत काय लिहिलें आहे हें सांगणें व मागितल्यास तें दाखविणें शिपायाला भाग आहे.

रद्द झालें म्हणून तसेंच घरीं जाऊं नका. हुकमाची प्रमाणित नक्कल मागा. तिची किंमत काय, तें मुंबईच्या एका वकिलाला विचारावें! त्याच्यावरचें अजामीनपात्र वॉरंट १२ ऑगस्ट २००२ रोजीं कोर्टानें रद्द केलें होतें. तरी तीनच दिवसांनीं, १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनीं, पोलिसांनीं त्याला धरलें. हातीं प्रमाणित नक्कल नव्हती आणि कोर्टाला सुट्टी! तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०११ सालीं त्या न्यायालयानें सांगितलें, कीं अशा वॉरंटांना क्रमांक व शिक्का असावा, कोर्टानें त्यांची नोंदवही ठेवावी आणि रद्द झालेलें वॉरंट पोलिसांकडून परत मागवावें. काळा कोट घालणाऱ्याची जेथें ही गत, तेथें धोतर-पटक्याला कोण विचारतो? नक्कल घ्या, एक प्रत ठाण्यांत देऊन पोंच घ्या, आणि दुसरी कोनाड्यांत नव्हे, पेटींत ठेवा.

पुढच्या हंगामाला जाण्यापूर्वी वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज करतां येतो. आरोपीच्या ऐवजीं वकिलानें हजर राहण्यास मॅजिस्ट्रेट परवानगी देऊं शकतो. ही एक गोष्ट आमच्या टोळ्यांना ठाऊक असती तर निम्मीं वॉरंटें निघालींच नसतीं, असें आमचें मत आहे.

कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर “साहेब आपला आहे, वॉरंट दाबून टाकतों” म्हणणारे गृहस्थ भेटतील. त्यांना दिलेला रुपया म्हणजे वाळूंत ओतलेलें पाणी. वॉरंट दाबलें जात नाहीं, फक्त त्याचा भाव वाढतो. फोनवर पोलिसी टोपी दाखवून “तुम्हांला डिजिटल अरेस्ट केली आहे, पैसे भरा” असें धमकावणारे चोर अलीकडे निघाले आहेत, ते याच टपरीवाल्यांचे शिकलेले भाऊ. फोनवरची अटक नांवाची वस्तु कायद्यांत नाहीं.

दोष आमच्या अज्ञानाचा आहे, पण सगळा नव्हे. १९४८ पूर्वी निजामी राज्यांत कोर्टाचें काम उर्दूंत चाले व आमचे आजोबा कागद वाचवून घेण्यासाठीं मुन्शीच्या ओट्यावर बसत. १९९८ सालीं राज्य सरकारनें जिल्हा व तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरविली. तरी खालच्या कोर्टांतून इंग्रजी कागद निघतातच. मुन्शी गेला आणि टायपिस्ट आला, ओटा मात्र तोच राहिला!

वकिलाचे पैसे नाहींत असें म्हणणाऱ्यांनीं १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ऐकून ठेवावा. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमाती, कोठडींतील माणसें, वार्षिक मिळकत ठराविक मर्यादेच्या आंत असलेले, या सर्वांना फुकट वकील मिळतो. त्याच कलमांत पूर, दुष्काळ व भूकंप यांनीं नाडलेल्यांचेंहि नांव आहे. आतां मराठवाड्यांत या तिहींतून सुटलेलें घर शोधून दाखवा! फोन क्रमांक १५१०० आहे. जिल्हा प्राधिकरणें नांदेड व लातूरच्या कोर्टांतच आहेत. आमचें त्यांना मागणें आहे, कीं शिबिरें शहरांतील सभागृहांत भरवूं नयेत. दसऱ्याआधीं मुखेडच्या, कंधारच्या, जळकोटच्या आठवडी बाजारांत एक टेबल, एक वकील आणि इंटरनेट चालणारा एक संगणक मांडावा, आणि उचल घेऊन ट्रकांत बसण्यापूर्वी प्रत्येकाचें नांव तेथें एकदां पाहून द्यावें.