कराची पावती कोणी कोणाला दाखवायची?

पावसाळ्यात मढे घाटाचा धबधबा पाहावयास निघालेला पुणेकर वेल्ह्याहून केळदची वाट धरतो, तेव्हा त्याला पासली हे गाव लागते. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. परंतु नाव बदलल्याने डोंगराचा पाऊस काही बदललेला नाही. या खोऱ्यात तो असा कोसळतो की, रस्ता, मोरी आणि संरक्षक भिंत यांची कामे कधी संपतच नाहीत. पासलीसारख्या गावातील असे एखादे लहान काम घेणारा ठेकेदार बहुधा आसपासचाच असतो. त्याला दगड पारखता येतो, पाण्याचा ओघ कळतो. मात्र कामाला हात घालण्यापूर्वी त्याला सिद्ध करावे लागते ते वेगळेच : आपण कर चुकविलेला नाही, हे.

ही मागणी अन्यायाची आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जनतेच्या करातून ज्याला पैसे मिळावयाचे, त्याने स्वतःचा कर भरलेला असावा, यासारखी रास्त अट दुसरी नाही. कर बुडविणाऱ्याला कमी दराची निविदा भरणे सोपे जाते. कर भरणारा तेवढ्याच कारणाने मागे पडतो. म्हणून पुरावा हवाच. प्रश्न एवढाच की, आज जो पुरावा मागितला जातो तो कशाचा पुरावा आहे?

निविदेसोबत वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचा दाखला, व्यवसाय कराचा दाखला, पॅनची प्रत, आयकर विवरणपत्रांच्या प्रती आणि वर एखादे प्रतिज्ञापत्र अशी चळत जोडावी लागते. यांपैकी नोंदणीचा दाखला घ्या. त्यावरून त्या इसमाची नोंदणी एके दिवशी झाली एवढेच कळते. त्यानंतर त्याने विवरणपत्रे भरली की नाही, याविषयी तो कागद मुका आहे. सतत सहा महिने विवरणपत्र न भरणाऱ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. त्याच्या पेटीतला जुना दाखला मात्र जसाच्या तसा राहतो. गंमत अशी की, खरी माहिती दुर्मिळ नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या संकेतस्थळावर कोणाचाही नोंदणी क्रमांक घातला, तर नोंदणी चालू आहे की रद्द झाली आणि कोणत्या महिन्याचे विवरणपत्र कधी भरले, हे कोणाही नागरिकास दिसते. जे सरकारच्याच दप्तरात आहे, त्याची छायाप्रत सरकारने ठेकेदाराकडे मागावी, हा उलटा न्याय झाला.

या कागदांच्या ढिगाचा परिणामही उलटाच होतो. कर चुकविण्यात मुरलेल्याला कागद जमविणे कठीण जात नाही; खोटी बिले फाडण्याचाच धंदा करणाऱ्या पेढ्या नोंदणीकृतच असतात. अडतो तो काम जाणणारा पण कागद न जाणणारा. मग तो दुसऱ्याच्या परवान्यावर काम करतो, आणि परवान्याचा धनी केवळ नाव वापरू दिल्याबद्दल आपला वाटा घेतो. ही गोष्ट ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहे; फक्त कागदावर ती कोठे दिसत नाही. कागदोपत्री चोख असलेला मनुष्य काम करीत नाही आणि काम करणारा मनुष्य कागदावर नाही, ही करपालनाची सिद्धता नव्हे, तिची विटंबना होय.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. समजा, असे दहा लाखांचे एक काम आहे. त्यावर १८ टक्के दराने एक लाख ऐंशी हजारांचा कर होतो. करार अडीच लाखांवरचा असेल, तर १ ऑक्टोबर २०१८ पासून सरकारी खात्यांनी आणि स्थानिक संस्थांनी देयकातून २ टक्के वस्तू व सेवा कर कापून घ्यावयाचा आहे; म्हणजे येथे वीस हजार. ठेकेदार एकटी व्यक्ती असेल, तर आयकराचा १ टक्का, म्हणजे आणखी दहा हजार. हे तीस हजार सरकारचे उत्पन्न नव्हे. ठेकेदाराच्या नावावर आगाऊ जमा व्हावयाचा तो कर आहे. वस्तू व सेवा कराची कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरून तिचे विवरण दाखल करणे हे कापणाऱ्या कार्यालयाचे काम. ते त्याने केले नाही, तर ठेकेदाराच्या खात्यावर काहीच उमटत नाही. त्याचे पैसे गेलेले असतात आणि पुरावा मात्र नसतो.

याहून कठीण प्रसंग देयक रखडल्यावर येतो. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, पण निधी आला नाही. कायदा कराच्या बाबतीत निधीची वाट पाहत नाही. सेवा पुरी झाल्यावर ठरलेल्या मुदतीत बीजक करावे लागते आणि त्यावरचा कर, पैसे हाती पडोत न पडोत, भरावा लागतो. उशीर झाल्यास वार्षिक १८ टक्के व्याज. थकलेल्या देयकांसाठी २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदारांच्या संघटनांनी आंदोलने केली, ती सर्वांच्या स्मरणात आहेत. सरकारनेच पैसे न दिल्यामुळे ज्याचा कर थकला, त्याला पुढच्या निविदेच्या वेळी ‘तुझे विवरणपत्र का भरलेले नाही’ असे सरकारनेच विचारावे, यात कायदा असेल, न्याय नाही.

यावर उपाय नाही असे नाही. आयर्लंडमध्ये दहा हजार युरो वा त्याहून अधिक किमतीच्या सरकारी कंत्राटासाठी करपूर्तीचा दाखला लागतो. पण २०१६ पासून तो संगणकावर असतो, ठेकेदार केवळ आपले क्रमांक देतो, आणि खरेदी करणारे खातेच तो दाखला त्या क्षणी खरा आहे की नाही हे तपासते. पुढे कर थकला तर दाखला काढून घेता येतो. म्हणजे अट सैल नाही, उलट अधिक कडक आहे; फक्त हेलपाटे नाहीत. आपल्याकडेही २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन स्वीकारले होते. त्या शहाणपणाला निविदेच्या खिडकीशीच येऊन थबकण्याचे कारण नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : निविदा उघडताना आणि प्रत्येक देयक देताना कार्यालयाने स्वतः कराची नोंद तपासावी व ती तारखेसह दप्तरी लावावी; जी माहिती सरकारजवळ आहे तिचा कागद मागू नये. कापलेल्या कराची रक्कम भरल्याची तारीख देयकाच्या क्रमांकासह कार्यालयाने जाहीर करावी. निधीची तरतूद असल्याशिवाय कार्यादेश देऊ नये. आणि सरकारी विलंबामुळे कर थकला असेल, तर त्या काळाचे व्याज त्या खात्याने सोसावे.

पासलीच्या वाटेवरील मोरी पहिल्या पावसात वाहून गेली, तर तिची चौकशी होते. ती टिकली, तर तिच्या ठेकेदाराला पैसे कधी मिळाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रामाणिकपणाचा दाखला नागरिकाकडे मागण्याचा अधिकार सरकारला आहेच. तो बजावणाऱ्या सरकारने आपलाही दाखला तयार ठेवावा, एवढीच आमची अपेक्षा.