सदनिका आपली, जमीन कोणाची?

पुण्यासारख्या शहरात मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकच मोठा व्यवहार करतो, आणि तो म्हणजे घराचा. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मोडलेले दागिने, गावाकडील जमिनीच्या हिश्श्याचे आलेले पैसे आणि बँकेचे वीस वर्षांचे कर्ज अशी मोट बांधून तो दोन-तीन खोल्यांचा धनी होतो. घर पाहताना तो चिकित्सा करीत नाही असे नाही. तो फरशी पाहतो, पाण्याची वेळ विचारतो, शाळेचे व बसथांब्याचे अंतर मोजतो, दार पूर्वेला आहे की दक्षिणेला याचीही चौकशी करतो. परंतु इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि ती सदनिकाधारकांच्या नावावर केव्हा होणार आहे, हा प्रश्न विचारणारे फार थोडे. वस्तुतः घराच्या किमतीचे सारे मर्म याच प्रश्नात आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सदनिका ही एक वस्तू नसून दोन भिन्न वस्तूंची जोडी आहे. एक बांधकाम आणि दुसरी जमीन. बांधकाम झिजते; त्याला घसारा लागतो. जमिनीचा पुरवठा मात्र वाढत नाही, आणि भोवतालचे शहर वाढत गेले की तिचे मोल चढत जाते. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत चाळीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या इमारती पाहाव्यात. गिलावा सुटलेला, गच्ची गळणारी, गज गंजलेले. तरीही त्यांतील सदनिकांची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट झालेली आहे. ही वाढ जुन्या विटांची वा सिमेंटची नव्हे, त्याखालील भूखंडाची आहे. ज्याच्या इमारतीच्या जमिनीचे हस्तांतरण झालेले नाही, तो झिजणारा भाग पदरात घेतो आणि वाढणारा भाग दुसऱ्याच्या नावावर राहू देतो.

या सौद्यासाठी तो मोजतो किती, हेही पाहिले पाहिजे. पन्नास लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे 43,400 रुपयांचा होतो. अखेरच्या हप्त्यापर्यंत बँकेकडे एक कोटी चार लाखांहून अधिक रक्कम जाते. म्हणजे व्याजच मुद्दलापेक्षा जास्त. एवढा भार वाहणाऱ्या कुटुंबाने भूखंडाच्या कागदाविषयी उदासीन राहावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

करारनामा आणि खरेदीखत

या उदासीनतेचे मूळ एका गैरसमजात आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करारनाम्याची नोंदणी झाली, मुद्रांक शुल्क भरले, किल्ली हातात आली, की घर आपले झाले असे बहुतेकांना वाटते. करारनाम्याने सदनिकेवर हक्क मिळतो हे खरे. पण जमीन व इमारत यांची मालकी त्याने संस्थेकडे येत नाही. त्यासाठी संस्थेच्या नावे स्वतंत्र दस्त व्हावा लागतो. त्यालाच अभिहस्तांतरण म्हणतात. पुण्यात अनेक इमारती 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. तेथे प्रत्येक सदनिकेमागे जमिनीतील अविभक्त हिस्सा ठरलेला असतो. परंतु तो पदरात पडण्यासाठी घोषणापत्राखेरीज प्रत्येकाच्या नावे अपार्टमेंटचे खरेदीखतही व्हावे लागते. या ठिकाणीही अनेकांची मजल करारनाम्यापुढे गेलेली नसते.

सहकारी गृहनिर्माणाच्या प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. मुंबईत गावदेवी येथील सारस्वत गृहनिर्माण संस्था 1915 साली नोंदली गेली, तेव्हाची कल्पना सरळ होती. आधी माणसे एकत्र यावीत, त्यांनी संस्था स्थापावी, संस्थेने जमीन मिळवावी आणि मग घरे बांधावीत. पुढे घरटंचाई वाढली, बांधकाम व्यावसायिक मध्ये आला आणि क्रम उलटा झाला. आधी इमारत, मग ग्राहक, मग संस्था आणि झालीच तर शेवटी जमीन. 1963 साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांविषयी कायदा केला. सदनिकांच्या बांधणीत व विक्रीत गैरप्रकार होत असून ते वाढत आहेत, अशी स्पष्ट नोंद त्याच्या प्रास्ताविकातच आहे. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर संस्थेच्या नोंदणीनंतर चार महिन्यांत हस्तांतरण करून द्यावे, असे बंधन या कायद्याने व त्याखालील नियमांनी घातले. कसूर करणाऱ्याला शिक्षेची तरतूदही केली. तरीही चार महिन्यांची चार दशके झालेल्या संस्था शहरात शोधाव्या लागत नाहीत.

याची कारणे उघड आहेत. शिल्लक चटईक्षेत्राची आशा हे पहिले कारण. नियम बदलतात, अनुज्ञेय बांधकाम वाढते, आणि त्या वाढीवर जमिनीचा मालक हक्क सांगू शकतो. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला 2020 च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तेव्हापासून जुन्या भूखंडांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली आहे. दुसरे कारण असे की, पुष्कळदा व्यावसायिक स्वतः जमिनीचा मालक नसतो; मूळ मालकाकडून विकसनाचे हक्क व कुलमुखत्यारपत्र घेऊन तो बांधतो. काळाच्या ओघात मालक वारतो, वारस भांडतात, भागीदारी मोडते आणि सही कोणी करायची हाच वाद होऊन बसतो. तिसरे कारण सदनिकाधारकांचे औदासीन्य. वार्षिक सभेत वाहनतळावरून दोन तास वाद घालणारे सभासद हस्तांतरणाच्या खर्चाचा विषय निघाला की घड्याळाकडे पाहू लागतात.

या औदासीन्याची किंमत पुनर्विकासाच्या वेळी चुकवावी लागते. इमारत जीर्ण झाली, सभासद वृद्ध झाले, जिने चढवेनात, उद्वाहन हवे, म्हणून संस्था नवा विकसक शोधू लागते. आणि तेव्हा मिळकत पत्रिकेवर अजून जुन्या मालकाचेच नाव असल्याचे ध्यानात येते. ज्यांनी तीस वर्षे कर भरला, डागडुजी केली, त्यांनाच मग जुन्या मालकाच्या वारसांची मनधरणी करावी लागते.

उपाय हाती आहे

तथापि स्थिती निरुपायाची नाही. 1963 च्या कायद्यात 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय अमलात आली. व्यावसायिक वा मालक सही करीत नसेल, तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. दोन्ही बाजू ऐकून त्याने दिलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे एकतर्फी हस्तांतरणाचा दस्त नोंदविता येतो. कायद्याने या निर्णयाला सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. ज्या सभासदांनी आपापल्या करारनाम्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले आहे, त्यांच्या वाट्याचे शुल्क पुन्हा भरावे लागत नाही. मात्र दस्त नोंदविला म्हणजे काम संपले असे नव्हे. नगर भूमापन कार्यालयात फेरफार होऊन मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव चढले, म्हणजेच वर्तुळ पूर्ण होते. जुने करारनामे, मंजूर नकाशे, भोगवटा पत्र व करपावत्या ज्या संस्थेने जपून ठेवल्या आहेत, तिला हा मार्ग सुकर जातो. मूळ सभासद हयात असताना हे कागद गोळा करणे सोपे. ते गेल्यावर कपाटाच्या किल्ल्याही सापडत नाहीत.

जुनी सदनिका विकत घेणाऱ्याने विसार देण्यापूर्वी मिळकत पत्रिका पाहावी. भूमि अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर ती मिळू शकते. जमीन संस्थेच्या नावावर नसेल, तर सदनिका घेऊ नये असे नाही, पण ती उणीव किमतीत दिसली पाहिजे. दोन सारख्या सदनिकांपैकी एकीमागे जमीन आहे आणि दुसरीमागे केवळ आश्वासन आहे, तर दोहोंचा भाव एकच असणे हे बाजाराच्या अज्ञानाचे लक्षण होय. नवी सदनिका घेणाऱ्याला 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचे संरक्षण आहे. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, क्षेत्रफळ चटईचेच सांगावे लागते, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि रचनेतील दोषांची जबाबदारी पाच वर्षे राहते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती पाहता येते. ती पाहताना इमारत केव्हा पूर्ण होणार एवढेच पाहून थांबू नये. करारातील हस्तांतरणाचे कलम शोधून, मुदत काय लिहिली आहे आणि मोठ्या संकुलात ती शेवटच्या इमारतीपर्यंत लांबविली आहे काय, हे वाचावे.

एकट्या ग्राहकाला अशा अटी घालता येत नाहीत, टंचाईच्या बाजारात विकणाऱ्याचेच चालते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही, आणि म्हणूनच शासनाची जबाबदारी वाढते. आज सदनिकेचा शेवटचा हप्ता ताब्याच्या वेळी दिला जातो. त्यातील काही अंश वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावा आणि मिळकत पत्रिकेवर संस्थेचे वा सदनिकाधारकांचे नाव लागल्यावरच तो व्यावसायिकाला मिळावा, असा नियम झाला तर हस्तांतरणासाठी ग्राहकाला दारोदार फिरावे लागणार नाही. व्यावसायिकच घाई करील. कायद्याने दंडाची भीती घालून जे साठ वर्षांत पुरते साधले नाही, ते हितसंबंधांची दिशा बदलून साधण्याचा संभव अधिक आहे.

तोपर्यंत सदनिकाधारकांपुढे संघटित होण्यावाचून दुसरा मार्ग नाही. येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर रंगकामाच्या आणि वाहनतळाच्या आधी एक विषय घ्यावा: आपल्या इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? उत्तर सभेत कोणालाच देता आले नाही, तर कामाला तेथूनच प्रारंभ करावा.