कयाक नंतर घ्या, आधी ‘आज ट्रिप होणार नाही’ म्हणायला शिका



मागच्या महिन्यात क्लासमधला एक पोरगा कोटेशन घेऊनच माझ्या दुकानात आला. दोन सीटच्या चार कयाक, वल्ही, लाइफ जॅकेट, सगळ्यांचे भाव लिहिलेले. म्हणाला, “सर, गोव्यात पाह्यलं ना, खाडीतल्या झाडांमधून लोकं कयाक चालवतात अन् पैसे मोजतात. आपण पोपटखेडले सुरू केलं तं कसं राहीन?”

कल्पना वाईट नाही. मी त्याला एकच विचारलं, “सहा जणांचे पैसे घेतलेत, सगळे काठावर आलेत आणि वारा सुटला. काय करशील?” तो गप्प बसला. माझ्या मते या धंद्याचं सगळं प्लॅनिंग याच उत्तरापासून सुरू होतं.

आधी गोव्यात नेमकं काय विकलं जातं ते पाहू. पणजीजवळ, मांडवी नदीत चोडण बेट आहे. रायबंदरहून फेरीबोटीनं जाता येतं. बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, फक्त 1.78 चौरस किलोमीटरचं. सगळी खारफुटीची दलदल. चिखलातून वर आलेली श्वास घेणारी मुळं, त्यांच्यामध्ये उड्या मारणारे निवटे, फांदीवर खंड्या. शहराच्या इतक्या जवळ असं पाणी असल्यामुळं तिथं गाइडसोबत कयाकनं फिरण्याचा धंदा उभा राहिला.

मी तिथं गेलो तेव्हा गाइडला म्हटलं, दहा वाजता निघू, नाश्ता करून येतो. तो म्हणाला, सात वाजता या, दहाला तिथं पाणी नसेल. त्यानं भरती-ओहोटीचं कोष्टक आधीच पाहून ठेवलं होतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते. म्हणजे त्याचं दुकान रोज वेगळ्या वेळी उघडतं, आणि ती वेळ ना तो ठरवतो, ना गिऱ्हाईक. चुकीच्या वेळी आत गेलात तर कयाक चिखलात बसते, आणि उतरून ढकलायला गेलात तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो. त्याच मांडवीला झुआरीशी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरीही आहेत. आपण पैसे त्या प्लॅस्टिकच्या होडीचे देत नाही. कुठं, कधी आणि किती आत जायचं हे ज्याला कळतं, त्याचे देतो.

आपल्या महाराष्ट्रातली उदाहरणंही हेच सांगतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवन सफारी घडवतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर स्थानिक मच्छीमार फ्लेमिंगो दाखवतात. दोन्हीकडं पाण्याची ओळख आधीची आहे, पर्यटक नंतर आले. आपण मात्र होडीचं कोटेशन आधी काढतो आणि पाण्याकडं नंतर पाहतो.

आता आपल्या इकडं या. आपल्याकडं भरती-ओहोटी नाही, म्हणून काम सोपं वाटतं. पण समुद्राचं पाणी सहा तासांत उतरतं, आपल्या धरणाचं सहा-आठ महिन्यांत. दिवाळीला जिथून होडी पाण्यात सोडली, तिथं मार्चमध्ये काळा गाळ असतो. वरून भेगाळलेला, आतून ओला. पावसाळ्यात पाणी वाढतं आणि गढूळ होतं. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर कुणी बसणार नाही. म्हणजे खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही सकाळचा. पक्षीही तेव्हाच येतात. अकोल्याजवळ कापशी तलावावर हिवाळ्यात पक्षी पाहायला लोक जातातच. पण कयाक थव्याच्या फार जवळ नेली की थवा उडतो, आणि दुसऱ्या बॅचला दाखवायला काही उरत नाही.

आता हिशोब. भाव ठिकाणाप्रमाणे बदलतील, मी फक्त पद्धत दाखवतो.

समजा माणशी 500 रुपये, एका बॅचला 8 जण. गाइड 1000, मदतनीस 600, होड्या न्यायला टेम्पो 800. हे 2400 रुपये माणसं कितीही आली तरी लागणार. चहा-नाश्ता माणशी 60. आठही सीट भरल्या तर 4000 मधून 2880 जाऊन 1120 उरतात. चारच आले तर जमा 2000, खर्च 2640. म्हणजे 640 रुपये खिशातून. ब्रेक-इव्हनला किमान 6 माणसं लागतात. यात होड्यांचा हप्ता, विमा, झिजलेली जॅकेटं अजून धरलीच नाहीत.

या हिशोबात खरा धोका पुढं आहे. काठावर सहा जण उभे आहेत, वारा वाढतोय, आणि ट्रिप रद्द केली तर गाइड-टेम्पोचे पैसे अंगावर येणार. अशा वेळी आपलं मन म्हणतं, “जाऊन येऊ, काही होत नाही.” ते ‘काही होत नाही’ आपल्या अमरावती जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून नात्यातले 11 जण गेले. ती कयाक नव्हती आणि तो धंद्याचा विषयही नव्हता. पण पाणी शांत दिसतं म्हणून ते सुरक्षित असतं असं नाही, एवढं तरी आपण त्यातून शिकलं पाहिजे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ट्रिप रद्द करायचा खर्च पहिल्या दिवसापासून भावात धरा. वरच्याच उदाहरणात भाव 700 ठेवा आणि त्यातले माणशी 100 वेगळ्या डब्यात टाका. तो डबा फक्त रद्द झालेल्या दिवसांचा. तरीही 5 माणसांत बॅच निभते. शेजारचा 500 मध्ये नेतो म्हणून घाबरू नका. त्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, तुम्हाला परवडतं, आणि हीच गोष्ट गिऱ्हाइकाला सांगून विका. बुकिंग घेतानाच लिहून द्या: वारा, धुकं किंवा पाण्याची पातळी पाहून गाइड ट्रिप थांबवेल, पैसे परत मिळतील. आणि तो निर्णय गाइडचाच असू द्या. मालक पैशाकडं पाहतो, मीही दुकानदार आहे, मला माहीत आहे.

असा गाइड कुठून आणायचा? तो आपल्या काठावरच आहे. जाळं टाकणारा भोई भाऊ, ज्याला बुडालेली झाडं, खडक आणि वाऱ्याची दिशा पाठ आहे. त्याला रोजंदारीवर ठेवू नका, भागीदार करा. त्याच पाण्यात मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तर त्यांच्याशी आधीच बोलावं लागेल. सुटकेचं आणि प्रथमोपचाराचं ट्रेनिंग मात्र दोघांनीही घ्या.

परवानगी ही फॉर्मॅलिटी समजू नका. धरण जलसंपदा विभागाचं. वानचं पाणी लोक पितात. नरनाळ्याच्या पायथ्याचा भाग मेळघाटाच्या जंगलाला लागून, तिथं वनविभागाचा शब्द शेवटचा. शिवाय राज्याचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. हे कागद हातात येण्याआधी एक रुपयाचीही होडी घेऊ नका. परवानगी मिळाली नाही, तर तुमचा फक्त वेळ जाईल, भांडवल वाचेल.

तुमच्यासाठी होमवर्क: सलग आठ रविवार सकाळी सहा ते दहा काठावर बसा. वारा कधी सुटतो, पाणी कुठपर्यंत आहे, गाळ कुठं आहे, पक्षी कुठं बसतात, किती लोक फिरायला येतात, वहीत लिहा. आठपैकी किती दिवस तुम्ही ट्रिप रद्द केली असती, तेही लिहा. तो आकडा तुमच्या बिझनेस प्लॅनच्या पहिल्या पानावर पाहिजे.

त्या पोराचं कोटेशन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याचे पाच रविवार झाले, त्यातले दोन त्यानं ‘रद्द’ लिहून आणले. मला वाटते, पोरगा धंदा करीन.

भेटू पुढच्या व्हिडिओत.