जी, डी, ई मायनर, सी... आणि पुढे?

सुरुवातीलाच सांगतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. (संपादकांनी त्यातल्या बऱ्याचशा आधीच घातल्या असतील!)

तर मंडळी, रात्री अकराला कधी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन उभे राहा. तीन मजल्यांवरून तीन गिटारी ऐकू येतील. गाणी तीन, पण कॉर्ड्स? जी, डी, ई मायनर, सी. कॅपो दोन घरं वर सरकवला की झालं नवीन गाणं! मी कोणाला नावं ठेवत नाही, कारण त्यातली एक गिटार माझीच असते. नेटवरून टॅब उतरवायची आणि वाजवायची. थोडक्यात, असाइनमेंटसारखंच.

फर्स्ट इयरभर मी हेच केलं. मग सुट्टीत घरी आजी देवपूजा करताना एक चाल गुणगुणत होती. तिच्या मागे कॉर्ड्स लावायला बसलो आणि नेहमीच्या चारही कॉर्ड्सनी दगा दिला. सी आणि ए मायनर छान बसले. एफ लावला की काहीतरी खुपायचं, जी लावला तरी तेच. टॅब शोधणार कुठे? आजी काही नेटवर नाही.

हॉस्टेलला परतल्यावर पेटी वाजवणाऱ्या एका ज्युनियरला चाल ऐकवली. तो म्हणाला, "अरे, हा तर भूप!" भूपात म आणि नि नाहीत. सूर पाचच, सा रे ग प ध. आता सी म्हणजे सा धरा. एक सूर घ्यायचा, एक सोडायचा, पुढचा घ्यायचा, परत एक सोडून तिसरा घ्यायचा, की कॉर्ड तयार. सप्तकातून अशा सात निघतात. सी, एफ, जी मेजर. डी, ई, ए मायनर. आणि बी ची एक विचित्र, जिच्या वाट्याला कोणी जात नाही. या सातांपैकी भूपाच्या पाच सुरांत पुरत्या मावतात फक्त दोन, सी आणि ए मायनर. एफ मध्ये म आहे, जी मध्ये नि. म्हणून खुपत होतं! मग मी जी मधला बी काढला आणि त्या जागी सी घातला. म्हणजे प, सा, रे. पुस्तकात याला जी सस फोर म्हणतात, हे मला नंतर कळलं. सी, ए मायनर, जी सस फोर, परत सी. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी कॉर्ड का वाजवतोय हे मला माहीत होतं. जाम भारी वाटलं!

हीच चाल घेऊन गॅदरिंगच्या ऑडिशनला गेलो. अर्ध्या मिनिटात थांबवलं. "कुठलं गाणं हे?"

"चाल आजीची, कॉर्ड्स माझ्या."

सगळे हसले. "ओळखीचं काही येतं का?"

येत होतं. जी, डी, ई मायनर, सी. सिलेक्ट झालो, गॅदरिंगला शिट्ट्याही मिळाल्या. पण खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला कॉपी करून पास झाल्यासारखं वाटत होतं.

यावर माझा रूममेट म्हणतो, "तुझ्या कॉर्ड्स म्हणजे काय रे? कोणीतरी आधी वाजवल्याच असतील." शंभर टक्के मान्य. बी ची ती विचित्र सोडली तर सहा कॉर्ड्स, चार जागा. 6 चा चौथा घात 1296. एवढ्यात नवीन ते काय सापडणार? एड शीरनवर असाच खटला झाला होता. त्याचं 2014 चं गाणं मार्व्हिन गेच्या 1973 च्या गाण्यावरून उचललंय, असा त्या गाण्याच्या सहलेखकाच्या वारसांचा दावा होता. शीरनने न्यूयॉर्कच्या कोर्टात चक्क गिटार वाजवून दाखवली, आणि 2023 मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याचं म्हणणं असं की या कॉर्ड्स म्हणजे गाणं लिहिणाऱ्या सगळ्यांचा कच्चा माल आहे. सिमेंट कोणाचंही असो, घर आपलं असतं. (सिव्हिलवाल्यांनो, बरोबर ना?)

आणि फंडा काही अवघड नाही. जी सेव्हन वाजवून थांबा. नुसतं थांबा. शेजारच्या खोलीतला सुद्धा अस्वस्थ होईल. त्यातल्या नि ला वर सा कडे जायचंय आणि म ला खाली ग कडे. सी वाजवला की दोघं घरी पोचतात. आता मुद्दाम सी ऐवजी ए मायनर वाजवा. सा आणि ग दोन्ही आहेत, पण घर दुसऱ्याचंच! किंवा ए मायनर, एफ, सी, जी या घिस्यापिट्या फेरीत शेवटी जी काढून ई मेजर घाला. त्यातला जी शार्प सप्तकाबाहेरचा आहे, आणि तोच तुम्हाला परत ए मायनरकडे ओढून नेतो. मला हे सापडलं सबमिशनच्या आदल्या रात्री. जर्नल अपुरं राहिलं, सरांची माफी आधीच मागितलेली आहे.

गॅदरिंगच्या कमिटीला आणि सरांना एवढीच विनंती आहे की यंदा दहा मिनिटं अशी ठेवा, जिथे 'कुठलं गाणं' हा प्रश्न विचारायचा नाही. लोक जांभया देतील, दोन-तीन जण बेसूर होतील, त्यात मीही असेन. चालेल. फिशपाँडला आपण अर्धा तास देतोच की!

तोपर्यंत ज्यांच्याकडे स्वतःचं अर्धवट काही असेल त्यांनी जेवणानंतर आमच्या खोलीवर यावं. गिटार आहे. वरची ई तार तुटली आहे, येताना तेवढी घेऊन या.