वाजवणारं कोणी आहे का?

घरात पेटी वाजवणारं कोणी उरलं नाही की ती देवळाला नाहीतर शाळेला देऊन टाकायची, ही आपल्याकडची रीत. देणाऱ्याला हार-नारळ, घेणाऱ्यांचे आभार आणि पेटी थेट कपाटात! तिथे ती वाजवणार कोण, हे मात्र कुणीच विचारत नाही.

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या थॉमस ब्रॅटल या व्यापाऱ्यानं ते तीनशे वर्षांपूर्वी विचारलं होतं. त्यांच्या घरी एक छोटा पाइप ऑर्गन होता. आपल्या पेटीत पितळेच्या पातळ पट्ट्या वाजतात. पाइप ऑर्गनमध्ये भात्याची हवा नळ्यांत शिरते, प्रत्येक स्वराची नळी वेगळी. जणू लहानमोठ्या बासऱ्याच ओळीनं उभ्या केल्यात. 1713 मध्ये ब्रॅटल वारले. ऑर्गन त्यांनी आपल्या चर्चला लिहून ठेवला होता, पण अट घालून. वर्षभरात तो नीट वाजवणारा माणूस शोधा, नाहीतर तो किंग्ज चॅपल या दुसऱ्या चर्चला जाईल! त्यांच्या चर्चची मंडळी प्युरिटन वळणाची, प्रार्थनेत वाद्य नकोच म्हणणारी. त्यांनी नकार दिला. किंग्ज चॅपलनं तो घेतला आणि वाजवणारा चक्क इंग्लंडहून आणला.

पुढे 1756 मध्ये किंग्ज चॅपलमध्ये नवा ऑर्गन आला. जुना मोडीत निघाला नाही, न्यूबरीपोर्टच्या चर्चनं विकत घेतला. तिथे ऐंशी वर्षं काढून 1836 मध्ये तो पोर्ट्समथच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये गेला. आजही तिथेच आहे.

मला कौतुक वाटतं ते त्या अटीचं. वस्तू देणं सोपं असतं हो, तिची सोय बघणं अवघड. न वाजवलेल्या पेटीचं काय होतं, ठाऊक आहे ना? भाता उंदीर कुरतडतात, पावसाळ्यात पट्ट्या अडकून बसतात.

आणि आपल्या मुली? मध्यमा, विशारदपर्यंत शिकतात. बघायला आलेल्यांसमोर 'गाण्याची आवड आहे' हे आवर्जून सांगितलं जातं. लग्नात कपाट जातं, फ्रिज जातो, पेटी मात्र माहेरच्या माळ्यावर. बरोबर का देत नाही आपण? दोन खोल्यांत ठेवायची कुठे म्हणाल, तर दिवाणाखाली मावते की! सासरी काय म्हणतील, ही खरी अडचण. मग लग्न ठरवतानाच विचारावं. मानपानाबद्दल तासन् तास बोलतो, त्यात पेटीचं एक वाक्य काय जड आहे?

आमच्या महिला मंडळाला गेल्या वर्षी एकांनी पेटी देऊ केली. मी म्हटलं, आधी शिकवणारं कोणी ठरवू या. दोघी-तिघी रागावल्या, चालत आलेली वस्तू कशाला अडवायची म्हणून. दोन महिने गेले. शेवटी तालुक्याहून येणाऱ्या एक बाई ठरल्या, दर गुरुवारी तीन ते पाच. त्यानंतरच पेटी आणली.